खण, खापर आणि पडद्यावरची रेघ

पोलादी मोजपट्टी आज घरीच ठेवा. जिथे निघायचंय तिथे मिलिमीटर कुणी ओळखत नाही. तुमचा हात, तुमची वीत आणि बोटांची पेरं एवढी पुरतील. सुरत-नागपूर महामार्गावर एरंडोलला उतरा, ट्रकांची घरघर मागे टाका आणि अंजनी नदीच्या बाजूने जुन्या गावात शिरा. इथली माणसं तुम्हाला सांगतील की महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, आणि भीमाने बकासुराला गाठलं ते पद्मालयाच्या रानात. ऐकून घ्या, गावाचं आपल्या मातीवरचं प्रेम त्यात आहे. आपण मात्र आज हाताने घडलेल्या वस्तूंच्या मागे जाणार आहोत: वीट, मनोरा, कागद, धाबं, खापर.

तुम्ही कॉम्प्युटरवर घराचं किंवा भांड्याचं मॉडेल करता, किंवा करायला शिकताय. पडद्यावर चौकोन काढायचा, त्याला उंची द्यायची, भिंती उभ्या करायच्या, उजेड कुठून येतो ते फिरवून बघायचं. पहिली वीट पडायच्या आधी घर डोळ्यांसमोर. ही विद्या यंत्राबरोबर बाहेरून आली असं आपण धरून चालतो. यंत्र बाहेरून आलं हे खरं. पण वस्तू घडायच्या आधी ती मापात धरायची विद्या खानदेशात फार जुनी आहे आणि तिचे मुक्काम एरंडोलपासून शंभरेक किलोमीटरच्या आत आहेत. प्रत्येक मुक्कामावर दोन गोष्टी बघत चला: मॉडेल करणाऱ्याने काय धरलं आणि काय सोडलं.

शके ११२८, पाटण

चाळीसगाव मागे पडतं, डोंगर जवळ येतात, रान दाट होतं. आज या जागेला पाटणादेवी म्हणतात. तुम्ही उभे आहात ते वर्ष इसवी सन १२०७ आहे आणि हे निकुंभ सरदारांचं नांदतं पाटण आहे. छिन्नीचा आवाज येतोय तिकडे जा. दगडावर एकेक अक्षर उतरतंय. यादव राजा सिंघणाचा राजज्योतिषी चांगदेव याने इथे मठ काढला आहे, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. आजोबा म्हणजे भास्कराचार्य. मठाला उत्पन्न लावून दिलं आहे आणि बाजारात येणाऱ्या मालावर, तेलाच्या घाण्यावर मठाचा वाटा काय, ते लेखाच्या शेवटी मराठीत कोरलं आहे. साडेसहाशे वर्षांनी डॉ. भाऊ दाजी लाड हा लेख अभ्यासकांपुढे आणतील.

मठाच्या पडवीत मुलांच्या रांगेत बसा. पुढ्यात धूळपाटी आहे. शिकवणी चालली आहे ‘लीलावती’ची. ११५० मध्ये लिहिलेल्या या ग्रंथात खणलेल्या खड्ड्यांचं गणित आहे, विटांच्या रासेचं आहे, लाकूड कापायचं आहे, धान्याच्या ढिगाचं आहे, सावलीचं आहे. गवंडी, सुतार आणि शेतकरी यांच्या रोजच्या कामाची ती यादीच आहे.

आजचं गणित विटांचं. एक वीट अठरा अंगुळं लांब, बारा अंगुळं रुंद, तीन अंगुळं उंच. रास आठ हात लांब, पाच हात रुंद, तीन हात उंच. विटा किती आणि थर किती? तुम्हीही बोटाने धुळीत मांडा. चोवीस अंगुळांचा एक हात. रास १२० घनहात. वीट ६४८ घन अंगुळं आणि एका घनहातात १३,८२४ घन अंगुळं, म्हणजे एक वीट घनहाताचे चौसष्ट भाग केले तर त्यातले तीन. उत्तर येतं २५६० विटा. उंचीची अंगुळं ७२, विटेची ३, म्हणून थर २४. शेजारचा मुलगा तुमच्या आधी हात वर करतो.

लगेच दुसरं. ओंडका बुंध्याकडे वीस अंगुळं जाड, शेंड्याकडे सोळा, लांबी शंभर अंगुळं, चार ठिकाणी उभा चिरायचा. काप किती? सरासरी जाडी अठरा, गुणिले शंभर, गुणिले चार, म्हणजे ७२०० चौरस अंगुळं. एका चौरस हातात ती ५७६ बसतात. उत्तर साडेबारा चौरस हात. ओंडका निमुळता आहे, तरी सरासरी धरून हिशेब चालतो, कारण करवत्याला मजुरी द्यायची ती कापलेल्या पृष्ठभागाची.

इथे थांबून नीट बघा. या पडवीत वीट नाही, ओंडका नाही, चित्रसुद्धा नाही. चार-पाच आकड्यांतून वस्तू मुलांच्या मनात उभी राहते, फिरते, कापली जाते, मोजली जाते. तुमच्या पडद्यावर लांबी, रुंदी आणि उंचीच्या तीन खिडक्या असतात, त्यांत भरायचे आकडे हेच. सोडलेलं काय, तेही दिसतं. २५६० विटांच्या या राशीत सांधा नाही. रासेचा हिशेब असल्याने तो नकोच होता, पण हेच गणित भिंतीला लावलंत तर चुन्याची जागा विटांनी खाल्लेली निघेल आणि गवंड्याकडे विटा उरतील. गणित चुकलेलं नसतं. कशासाठी मांडलं होतं, हे विसरलं की ते चुकीच्या जागी जाऊन बसतं.

फरकांडे, अडीचशे वर्षांपूर्वी

परत एरंडोल तालुक्यात या. कासोद्याजवळ उतावळी नदीच्या काठी फरकांडे आहे. आजची पडझड विसरा. दोन्ही मनोरे नुकते पुरे झाले आहेत, उंची सुमारे पंधरा मीटर. बांधणाऱ्याचं नाव चाँद मोमीन असं सांगतात. एका मनोऱ्यावर चढा. वर वारा आहे आणि खाली नदीचं पात्र. दोन्ही हात लावा, अंगाचं वजन टाका, सोडा, पुन्हा टाका. पायाखालचा मनोरा किंचित डोलायला लागतो. आता समोर बघा. तिकडे कुणी नाही आणि तो मनोराही हलतोय.

पोटात गोळा आला असेल, तर तो ओसरू द्या आणि कारण समजून घ्या. उंच उभ्या असलेल्या प्रत्येक वस्तूला डोलायची स्वतःची लय असते. उंची, वजन, जाडी आणि चुन्याची पकड यांवरून ती ठरते. तुम्ही लावलेला धक्का पायातून पलीकडे जातो. तिथली लय वेगळी असती तर तो विरून गेला असता. लय तीच आहे, म्हणून प्रत्येक धक्का आधीच्या धक्क्यात मिसळतो आणि हालचाल डोळ्यांना दिसण्याइतकी वाढते. १६६५ मध्ये हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने एकाच तुळईला टांगलेल्या दोन लंबकांच्या घड्याळांत हे पाहिलं होतं: थोड्या वेळाने दोन्ही लंबक एकमेकांशी जमवून झुलू लागत. अहमदाबादेत सिदी बशीरच्या मशिदीचे मनोरे याच कारणाने प्रसिद्ध आहेत.

फरकांड्याच्या कारागिराने समीकरण मांडलं नव्हतं. त्याने दोन मनोरे एकसारखे बांधले, आणि ‘एकसारखे’ हा शब्द जितका साधा दिसतो तितकाच तो अवघड आहे. घेर तोच हवा, जाडी तीच हवी, एका मनोऱ्याचा चुना जितके दिवस मुरला तितकाच दुसऱ्याचा मुरायला हवा. थोडा फरक पडला की लय सुटते. इथे मापाची अचूकता डोळ्यांना दिसत नाही, ती हालचालीतून कळते.

आता तुमच्या काळातलं काम आठवा. चारी बाजूंनी फोटो काढून प्रोग्रॅममध्ये घातले की मनोऱ्याचा हुबेहूब आकार तयार होतो. झीज, भेग, शेवाळ, सगळं त्यात उतरतं. एक गोष्ट उतरत नाही: डोलणं. त्यासाठी जुन्या चुन्याचा ताठरपणा हवा, जमीन पायाला किती धरून ठेवते ते हवं, आणि मनोऱ्याची लय प्रत्यक्ष मोजायला हवी. खिशातल्या फोनमध्येही हालचाल टिपणारा सेन्सर असतो. इंजिनिअर त्याहून नाजूक यंत्र लावतात. ते आकडे घातले की वास्तूचे हजारो लहान तुकडे करून प्रत्येकावरचा ताण काढता येतो. फरकांड्याची खरी कीर्ती तिथल्या हालचालीत आहे. नुसता आकार साठवून आपण समाधान मानलं, तर या वास्तूची ओळखच आपल्या फाईलमध्ये नसेल.

एरंडोल, रेल्वे यायच्या आधी

आता गावातच राहा, फक्त काळ बदला. एकोणिसावं शतक अर्ध्यावर आलेलं नाही. पहाटे धप्प, धप्प असा जड आवाज ऐकू येतो. आवाजाच्या रोखाने कागद्यांच्या वस्तीत या. एरंडोल तेव्हा कागदासाठी नावाजलेलं आहे. हा कागद जाडाभरडा, रोजच्या लिहिण्याचा.

अंगणात ढेकी चालली आहे. एक माणूस पायाने लाकडाचं टोक दाबतो, दुसरं टोक वर जातं आणि जड होऊन खाली आपटतं. खाली चुन्याच्या पाण्यात मुरलेल्या चिंध्या, जुने दोर, तागाची पोती आहेत. फाटलेलं, टाकून दिलेलं सगळं कुटून कुटून लगदा होतं, मग नदीच्या पाण्यात धुतलं जातं, पुन्हा कुटलं जातं. पुढे हौद आहे. कागदी त्याच्या काठाशी बसतो, हातात लाकडी चौकट आणि तिच्यावर बारीक काड्यांची विणलेली चटई. चौकट पाण्यात बुडवतो, उचलतो, उजवीकडे-डावीकडे एक हेलकावा देतो. पाणी गळून जातं आणि चटईवर साईसारखा थर उरतो. हेलकावा जास्त झाला तर एक कड जाड, कमी झाला तर मध्ये भोक. त्याचं सगळं कौशल्य त्या एका हेलकाव्यात आहे.

चौकट तुमच्याही हातात देतील. बुडवा. पहिलं पान फाटेल, घाबरू नका, लगदा परत हौदात जातो. पान निघालं की एकावर एक थप्पी लावतात, दाबून पाणी काढतात, गुळगुळीत भिंतीवर चिकटवून वाळवतात. वाळलं की खळ लावतात, नाहीतर शाई पसरेल. शेवटी गुळगुळीत दगडाने घोटतात, म्हणजे बोरू अडखळत नाही. तयार पान उजेडासमोर धरा. चटईच्या काड्यांच्या समांतर रेघा आत दिसतील. या कागदाला आखणी घडतानाच मिळाली आहे.

त्या पानावर काय लिहिलं जाणार? सावकाराची खातेवही, पाटलाचा कागद, कीर्तनकाराची पोथी. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात आणि समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी कागदपत्रं आणि पोथ्या आज सांभाळून ठेवल्या आहेत. कुठलं पान कुणी बनवलं हे त्यावर लिहिलेलं नसतं. मजकुराचा लेखक कळतो, कागदाचा कारागीर कळत नाही. १८८० मध्ये छापलेल्या खानदेश गॅझेटियरात एरंडोलच्या कागदाची दखल आहे, तोवर गिरणीचा स्वस्त कागद आला होता आणि ढेकी मंदावल्या होत्या.

त्याच गावात, मृगाच्या आधी

वस्तीतून निघा आणि शिडीने एखाद्या धाब्यावर चढा. दुपार कलली आहे. सगळं गाव वरून एका पातळीत दिसतं. उतरती कौलं फारशी नाहीत, सपाट मातीची छतं आहेत. एक म्हातारी डोक्यावरची पाटी उतरवते आणि पांढुरकी माती पसरते. तुमच्याकडे न बघताच सांगते, “पानी येवाना पहिले खारी टाकनी पडस, भाऊ.”

धाब्याच्या कडेला एक जागा उकरलेली आहे, तिथे वाकून थर मोजा. सगळ्यात खाली सागाची तुळई. तिच्यावर आडव्या कड्या. कड्यांवर फळ्या किंवा काटक्या दाटीने. त्यांच्यावर पाला, म्हणजे माती खाली गळत नाही. मग चिखलाचा जाड थर, तुडवून बसवलेला. आणि सगळ्यात वर ही खारी माती. पाऊस पडला की ती फुगते, भेगा बुजवते, पाणी अडवते. जोराच्या पावसात थोडी वाहून जाते, म्हणून दरवर्षी नवी टाकावी लागते. उतार इतका हलका की पायाला जाणवत नाही, पण पाण्याला जाणवतो. ते पन्हळीकडे जातं.

खाली घरात उतरा. बाहेर लाही होणारं ऊन आणि आत अंधारा गारवा. हातभर जाडीच्या मातीच्या भिंतीतून ऊन आत झिरपायला कित्येक तास घेतं. ते पोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि घरची माणसं धाब्यावर चांदण्यात झोपायला गेलेली असतात. छताला एक झरोका आहे, त्यातून उजेडाचा कवडसा थेट जात्यापाशी पडतो. भिंतीत कोनाडा दिव्यापुरता, देवळी देवापुरती. घर मोजायचं ते खणांत: दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण. कुणाला विचारा, किती मोठं घर? पाच खणांचं, सात खणांचं. सागाचा वासा जेवढं अंतर न वाकता पेलतो तेवढा खण. झाडाने माप ठरवलं आणि मापाने खोली ठरवली.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये हे छत काढायचं तर एक सपाट फळी काढाल, तिच्यावर मातीचा रंग चढवाल. दिसेल बरोबर. पण म्हातारीची पाटी त्यात येणार नाही. हे छत एकदा बांधून संपत नाही. दर वर्षी त्यावर माणसाचे दोन दिवस लागतात आणि ते दोन दिवस हा त्या रचनेचाच भाग आहे. खारी टाकणारं माणूस गेलं की चार पावसाळ्यांत तुळई कुजते. जुनी घरं पडतात तेव्हा आपण मातीला दोष देतो, हे अन्यायाचं आहे.

डिसेंबर १९३६, फैजपूर

आता तापीच्या पलीकडे, यावल तालुक्यात. केळीच्या बागांचा हा मुलूख. काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच शहर सोडून खेड्यात भरतंय, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू आहेत, आणि साने गुरुजींसारखे कार्यकर्ते गावोगाव फिरून माणसं जमवताहेत. शेतात एक अख्खं गाव उभं राहतंय: तिलकनगर.

गांधीजींनी या कामासाठी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावलं आहे. आग्रह एकच: खेड्यात मिळतं त्यातूनच सगळं उभं करायचं. तुम्ही तिथे पोचता तेव्हा बांबूचे ढीग पडलेले आहेत, चटया आहेत, गवत आहे, सुतळी आहे. बुरूड बांबू चिरतोय. एका टोकाला कोयता बसवला, हलकासा ठोका दिला, आणि चीर सरळ दुसऱ्या टोकापर्यंत धावली. कमान वाकवायची तर ताजा बांबू हवा, खांबाला पक्व हवा. एवढं ज्ञान त्या बुरडाच्या हातात आहे आणि देशातला एक मोठा चित्रकार त्याच्या शेजारी उभा राहून आपलं रेखाटन त्याप्रमाणे बदलतोय.

इथे मॉडेल बनवायचा क्रमच उलटा आहे. आपण आधी आकार काढतो, मग त्याला साहित्य शोधतो. फैजपुरात आधी बाजारात आणि शिवारात काय आहे ते बघितलं, बांबू किती वाकतो ते बघितलं, आणि त्यातून कमान जन्माला आली. सोडलं काय? टिकाऊपणा, तोही समजून उमजून. काम संपल्यावर बांबू परत कुणाच्या तरी गोठ्याला, मांडवाला जाणार होता. प्रोग्रॅम उघडायच्या आधी एकदा एरंडोलच्या बाजारातून फिरून आलात, काय मिळतं, काय मिळत नाही ते बघितलंत, तर तुमची निम्मी रेखाटनं आपोआप सुधारतील.

अमळनेर आणि युटा

अमळनेरला फार वेळ थांबायचं नाही, पण वळसा घ्याच. १९४५ चा डिसेंबर संपत आला आहे. मोहम्मद हाशम प्रेमजी इथे वनस्पती तुपाची कंपनी स्थापन करताहेत, नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. याच नावाचं पुढे विप्रो झालं, आणि १९८० च्या दशकात ती कंपनी कॉम्प्युटर बनवू लागली. पाटणच्या मठाला तेलघाण्याचा वाटा गणितासाठी मिळत होता. साडेसातशे वर्षांनी तेलाच्या एका कारखान्यातून कॉम्प्युटरची कंपनी निघाली. आपल्या भागात तेल आणि हिशेब यांचं नातं असं जुनं आहे.

तिथून एकदम अमेरिकेत, युटा विद्यापीठात, साल १९७५. मार्टिन नेवेल नावाच्या संशोधकाला कॉम्प्युटरवर काढून बघायला एखादी रोजची वस्तू हवी आहे. त्याची बायको सँड्रा सुचवते, ही आपली चहाची किटली काढ. तो आलेख कागद घेतो, पेन्सिलने किटलीची बाजू काढतो, वक्र रेघांवरचे बिंदू मोजतो आणि त्यांचे आकडे यंत्रात भरतो. डिजिटल जगातली सगळ्यांत ओळखीची वस्तू अशी कागदावर जन्मली. फुगीर पोट, आत वळलेली चोच, स्वतःवरच सावली टाकणारी मूठ: उजेडाची आणि वळणाची सगळी परीक्षा एका भांड्यात. गेली पन्नास वर्षं नवा प्रोग्रॅम लिहिणारे तीच किटली काढून पाहतात. खरी किटली कॅलिफोर्नियात, कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

एक तपशील लक्षात ठेवा. नेवेलच्या मूळ मॉडेलला बूड नव्हतं. टेबलावर ठेवलेल्या किटलीचं बूड दिसत नाही, म्हणून ते मोजलं गेलं नाही; ते मागाहून जोडलं गेलं. जे दिसत नाही ते राहून जातं, हे मोठमोठ्यांच्या हातूनही होतं.

आखाजी, आजचं वर्ष

आता मोजपट्टी घ्या. लॅपटॉपही उघडा. खानदेशात आखाजी आहे, लेकी माहेरी आल्या आहेत, झाडाला झोके बांधले आहेत. चुलीवर खापर पालथं आहे, खाली जाळ. आजी पुरण भरलेला गोळा घेते, पोळपाट-लाटणं बाजूलाच राहतं. गोळा तळव्यावर थापते, या हातावरून त्या हातावर टाकते, आणि तो पसरत पसरत कोपरापर्यंत येतो. मग एका झटक्यात खापरावर. पातळ, मऊ, चंद्राएवढी गोल पोळी. वाटीत आंब्याचा रस.

तुम्हाला या खापराचं मॉडेल करायचं आहे. सोपं वाटेल. अर्ध्या खापराची वक्र रेघ काढा, मधोमध आस धरा, रेघ त्याभोवती गोल फिरवा. एका क्षणात घुमट तयार. कुंभाराचं चाक हेच करतं, म्हणून ही आज्ञा कुंभाराला समजावून सांगावी लागत नाही. पण खापर चाकावरून उतरल्यावर ते थापीने ठोकलं जातं. आतून एक हात आधाराला, बाहेरून थापी, ठोक ठोक करत भिंत पातळ होते. त्यामुळे खरं खापर पूर्ण गोल नसतं आणि जाडी सगळीकडे सारखी नसते. तुमच्या पडद्यावरचं निर्दोष खापर प्रत्यक्षात कुणीच बनवलेलं नाही.

म्हणून आधी मोजा. आजीला विचारून, खापर थंड झाल्यावर. कडेला जाडी किती, मध्यावर किती, दोन्हींच्या अधे-मधे किती. मग फोटो काढा: सावलीतल्या मऊ उजेडात, खापराभोवती तीन उंचींवर फिरत, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला निम्म्याहून जास्त भाग यायला हवा. आतली बाजू काजळीने एकसारखी काळी असते, तिथे प्रोग्रॅमला खूण सापडत नाही. खडूचे चार ठिपके द्या. शेजारी मोजपट्टी ठेवा, म्हणजे आकाराला माप मिळेल. बाहेरची बाजू झाली की खापर उलटं करा आणि आतलीही घ्या. किटलीचं बूड विसरू नका.

एवढं करून आकार हाती येतो. त्याच्याबरोबर एका साध्या फाईलमध्ये हेही लिहा: खापर कुठल्या बाजारातून आणलं, माती कुठली, तिच्यात राख मिसळली की लीद, पहिल्यांदा चुलीवर चढवायच्या आधी त्याला काय लावलं, किती वर्षं टिकतं, कशाने तडकतं. घडवणाऱ्या कुंभाराने परवानगी दिली तर त्याचं नावही लिहा. एरंडोलच्या कागद्यांच्या बाबतीत ते राहून गेलं. धाब्याचं मॉडेल कराल तेव्हा खारी कधी आणि किती टाकतात ते लिहा. फरकांड्याचं कराल तेव्हा लय लिहा.

हे काम मोठ्या शहरातल्या संस्थेची वाट बघत थांबायला नको. ब्लेंडरसारखे प्रोग्रॅम फुकट मिळतात, फोनचा कॅमेरा पुरेसा चांगला आहे, आणि जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांतून इंजिनिअरिंग आणि ड्रॉइंग शिकणारी मुलं घराघरांत आहेत. प्रत्येकाने आपल्या आजोळची एक खोली आणि एक भांडं नीट मोजलं, तरी दहा वर्षांत खानदेशाचा असा संग्रह उभा राहील की पुढच्या घराचा आराखडा करणाऱ्याला उन्हाळ्याचं उत्तर परक्या कॅटलॉगमध्ये शोधावं लागणार नाही. हातभर जाडीच्या भिंतीने ऊन किती तास अडवलं, हा आकडा त्याच्या हाताशी असेल. तो सरसकट काँक्रीटचा स्लॅब टाकून वर एसी लावण्याआधी एकदा थांबेल आणि मातीचा थर, झरोका, पन्हळ यांतलं काय नव्या घरात घेता येईल ते तपासून पाहील. काही घेता येईल, काही येणार नाही. पण निवड माहितीवर होईल.

भास्कराचार्यांच्या नातवाने मठ काढला तो आजोबांची पुस्तकं शिकवली जावीत म्हणून. आपल्या आजी-आजोबांनी पुस्तकं लिहिली नाहीत. त्यांचं गणित घरांत आणि भांड्यांत राहिलं, आणि ते घर पाडलं, भांडं फुटलं की संपतं. ते मोजून लिहून ठेवणं हे आता तुमच्याकडे आलेलं काम आहे. पुढच्या आखाजीच्या आधी पहिलं खापर मोजा.